मदतनिसाचा दर

चाक बोराएवढंच होतं, लाकडी, कडेचा लाल रंग उडालेलं – दवाखान्यातून फोन आला आणि पलीकडची बाई म्हणाली, "लगेच या... म्हणजे, आता घाई नको, पण या," तेव्हा ते गोंदाने त्याच्या अंगठ्याला चिकटून बसलं होतं. खेळण्यातल्या बदकाचं चाक. सकाळीच बायकोने दवाखान्यातल्या खाटेवरून बजावलं होतं, "अहो, बदक आज देऊन टाका, ती पोरगी कधीची वाट बघतेय." अंगठ्याला चाक घेऊनच तो तिच्यापाशी पोचला.

त्या गोष्टीला पाच महिने झाले. आज तो पालिकेच्या अनुदान विभागात बसला होता आणि टेबलापलीकडची तपासनीस मुलगी त्याचा तक्ता वाचत होती. खेळणीघर त्याच्या बायकोचं. मुलांनी खेळणी न्यायची, खेळायची, परत आणायची, पैसे नाहीत. खर्चाचे ऐंशी टक्के पालिका देणार, वीस संस्थेने घालायचे. संस्थेकडे होतं काय, कपाळ! पण नियमात एक ओळ होती – बिनपगारी कामही खर्च धरावं, त्या कामाला माणूस लावला असता तर जो दर पडला असता त्या दराने. वीस भरले नाहीत तर शेवटचा हप्ता नाही, हप्ता नाही तर भाडं नाही, आणि मग खोलीला कुलूप.

"काका, हे साडेअकरा टक्केच होतात."

"तीनशे एकतीस तास आहेत. तिच्या वहीवरून काढलेत. एकही फुगवलेला नाही."

"तास बरोबर आहेत हो. दर बघा ना. सगळीकडे मदतनीस?"

त्याने पाहिलं. चाळीस वर्षं ठेकेदाराकडे अंदाजपत्रकं करताना जमेल तिथे मदतनीस दाखवायचा, मजुरी खाली ओढायची, काम मिळवायचं – हाताला वळणच पडलेलं. आणि त्याच हाताने मी हिला... कमरेवर हात ठेवून ती विचारणार, "मदतनीस? कुणाची, तुमची?" त्याला एकदम हसू फुटलं.

"हसताय काय?"

"ती असती तर आज मला उपाशी ठेवलं असतं."

वही उघडली. घोड्याचा पाय बसवला, दीड तास – सुतार. बाहुलीला हात शिवला – शिंपी. भांडण मिटवलं, पाऊण तास...

"भांडणाचा दर यादीत नाही, काका."

"वकील?"

"वकील लावलात तर मलाच नोटीस येईल. बालवाडी शिक्षिका लिहा."

आगगाडी चालवून पाहिली, दोन तास. हे त्याला आठवत होतं. तिला न्यायला गेला होता, तर खोलीत एकटीच, जमिनीवर पालथी पडून, पिकलेले केस विस्कटलेले, तोंडाने झुक झुक करत... त्याला पाहून जराही न लाजता म्हणाली, "तपासतेय." दोन तास? त्याने विचारलं. "सगळे डबे तपासावे लागतात." त्याने ते जसंच्या तसं सांगितलं. मुलगी पेन ठेवून हसली, मग म्हणाली, "तपासणी. कुशल कामगार. लिहा."

तो लिहीत गेला आणि दर चढत गेला तसं त्याला हलकं वाटू लागलं. घरात एवढी कुशल माणसं छत्तीस वर्षं वावरत होती आणि मी चहा एकीलाच सांगत होतो.

"वीस पूर्णांक चार! करा सही."

पण वहीची शेवटची पानं उरली होती, एकोणीस तासांची. तिथे रोज एकच – आज काही केलं नाही. बसले. मुलं खेळली.

"ते मदतनीसमध्येच ठेवा," मुलगी म्हणाली, "नाहीतर गाळा. त्याच्याशिवायही भरतंय."

गाळायचं? त्या शेवटच्या दिवसांत तो दारातून पाहायचा. ती भिंतीला टेकून नुसती बसलेली, आणि मुलं आपापल्या खेळात, मधूनच मान वर करून ती आहे ना ते बघणारी... असं बसायला माणूस लावला असता तर काय पडलं असतं? पायाचा, भिंतीचा, गिलाव्याचा दर त्याला झोपेतही सांगता येई. हा येईना, आणि येत नव्हता याचा त्याला चक्क आनंद झाला.

"उद्या येतो, मॅडम."

"उद्या शेवटचा दिवस आहे हं."

"हो हो."

रस्त्याने तो एकेक दर लावून बघत, नाही, हा कमीच, असं मोठ्याने म्हणत चालला. तीनशे बारा तासांना दर लागला होता. एकोणीस तासांचा अजून लिहायचा होता.