लांबलेलं आमेन

“हे प्रभू, या भावाला शांत झोप दे,” इथवर म्हटल्याचं पाळकसाहेबांना नक्की आठवत होतं. त्यापुढचं आमेन कुठे गेलं, ते मात्र काही केल्या आठवेना. डोळे उघडले तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं आणि समोरचा चहा साय धरून बसला होता. म्हणजे दुसऱ्यासाठी मागितलेली झोप त्यांनी स्वतःच घेऊन टाकली होती.

घरी बाळाला दात येत होते, आणि रात्रीच्या फेऱ्या पाळकसाहेबांकडे होत्या. निघताना बायकोने बजावलंही होतं, की माझ्यासमोर डुलक्या काढता ते चालतं, लोकांसमोर नको. इथे तर सुतारकाकांची लेक डोळ्यांत पाणी आणून सांगून गेली होती: आई गेल्यापासून बाबांचा डोळ्याला डोळा नाही, परवा करवतीखाली बोट जाता जाता वाचलं, आता तुम्हीच काय ते बघा. नाहीतर ती दुकानाला कुलूप लावून त्यांना आपल्या घरी नेणार होती. आणि दुकान सुटल्यावर सुतारकाकांत उरणार काय होतं?

समोर काका मान खाली घालून बसले होते. बिचारे अजून आमेनची वाट बघताहेत, या विचाराने पाळकसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हळूच आमेन म्हटलं. काका हलले नाहीत. वाकून पाहिलं, तर तोंड उघडं, हनुवटी छातीवर, गाढ. पाळकसाहेबांचा हात मात्र घट्ट धरलेला. मग पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, तरी पाळकसाहेब हलले नाहीत.

जाग आल्यावर काका म्हणाले, “झालं आमेन?”

“झालं. काका, माफ करा, माझा जरा—”

“घोरत होता तुम्ही.”

पाळकसाहेबांचे कान लाल झाले.

“आमची ही अशीच घोरायची. करवत लाकडात अडते ना, तशी मध्येच थांबायची. मग मी पडल्या पडल्या वाट बघायचो, परत कधी सुरू होते म्हणून. तेवढ्यात मला झोप लागायची.” काकांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. “हल्ली नुसती वाट बघतो.”

पाळकसाहेबांनी आपला गार चहा सायीसकट पिऊन टाकला.

दाराशी काका म्हणाले, “मंगळवारी याल ना? प्रार्थना जरा लांबच करा.”

मंगळवारी पाळकसाहेब आले, तेव्हा त्यांच्या खुर्चीच्या पाठीला वर एक नवी फळी बसवली होती. ताजा रंधा मारलेली, आणि मधोमध, मान टेकेल इतकी, हलकेच कोरलेली.