शेऱ्याचा रकाना

यशोदाबाईंच्या रक्तात साखर नेमकी किती, हे तुमसरच्या डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आले नव्हते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा अहवाल सीमारेषेवर येऊन थांबला होता. मधुमेह आहे म्हणावे तर आकडा पुरत नव्हता. नाही म्हणावे तर चक्कर आणि थकवा पाठ सोडत नव्हते. डॉक्टरांनी तूर्त अर्धी गोळी सुरू केली, घरी तपासायचे छोटे यंत्र घ्यायला लावले आणि पंधरा दिवस रोज उपाशीपोटीचा आकडा लिहून आणायला सांगितले. आकडा सलग अडीचशेच्या वर राहिला तर गोळी पूर्ण द्यायची होती.

लिहिण्याचे काम त्यांचे यजमान खेमराज यांच्याकडे आले, हे बरेच झाले असे घरात सर्वांना वाटले. आयटीआय झाल्यावर चिखल्याच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी तीस वर्षे दाबाचे काटे तपासण्यात घालवली होती. त्यांनी जाड वही आणली, पट्टीने पाच रकाने आखले: तारीख, वेळ, आकडा, गोळी, शेरा. यशोदाबाई झुंजूमुंजू होताच मोहफुले वेचायला जात आणि आठच्या सुमारास टोपली डोक्यावर घेऊन परतत. टोपली उतरली की खेमराज स्पिरिटचा कापूस बोटावरून एकदा फिरवीत, सुई टोचीत आणि आकडा मांडीत.

३०४. २९१. मग एकाएकी १०९. पुन्हा ३१२.

एकशे नऊच्या दिवशी यशोदाबाईंना सानगडीला बहिणीकडे जायचे होते, म्हणून त्या मोह वेचायला गेल्या नव्हत्या. खेमराज यांनी दोन गोष्टी जुळवल्या आणि निष्कर्ष काढला. मोहाखाली गेली की बाई गोड फुले तोंडात टाकते. सहाव्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले, 'चोरून खाल्ली.' गोळी पूर्ण केली आणि ताटातला भात निम्मा.

यशोदाबाईंना वाचता येत होते. त्यांनी वही पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, "मी एकबी फूल तोंडात टाकलं नाही. तुमच्या वहीले सांगा."

"वही खोटं कायले बोलंल?" खेमराज म्हणाले.

त्यानंतर दोघांत बोलणे असे फारसे उरले नाही. त्या बोट पुढे करीत, ते टोचीत.

नवव्या दिवशी सकाळी आकडा ३१८ आला. पूर्ण गोळी आणि एक पोळी घेऊन यशोदाबाई अंगणात फुले वाळत घालायला बसल्या. अकराच्या सुमारास सून ज्योत्सना पाणी भरून आली, तेव्हा सासू फुलांच्या मधोमध बसून एकच मूठ पुन्हा पुन्हा पसरत होती. लुगडे घामाने चिंब झाले होते. हात लटलट कापत होते. ज्योत्सनाने हाक मारली तर त्यांनी तिला बहिणीचे नाव घेऊन उत्तर दिले.

ज्योत्सना आणि खेमराज यांनी त्यांना धरून ओसरीवर आणले. ज्योत्सना म्हणाली की हे साखर उतरल्याचे लक्षण आहे, गावच्या आशाताईंनी आरोग्याच्या बैठकीत सांगितले होते. साखरपाणी देऊ या. खेमराज यांनी हात आडवा धरला. आधी आकडा. कापूस, सुई, यंत्राची पट्टी.

२८६.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर राऊंडवर होते. कंपाउंडरने आकडा विचारला, तो ऐकला आणि सांगितले की एवढ्या आकड्यावर साखर अजिबात देऊ नका, पेशंट घेऊन या. तुमसर पस्तीस किलोमीटर. मुलगा मंगेश गाडी घेऊन कामावर गेलेला.

"मामाजी, यंत्राकडं नोका पाहू. मायकडं पाहा," ज्योत्सना म्हणाली. तिने साखरपाण्याचा पेला भरून आणला होता.

यशोदाबाईंची मान एका बाजूला कलू लागली होती. खेमराज यांनी त्यांचा तळवा दोन्ही हातांत घट्ट धरला होता. इंजिन तापलेले आणि काटा दाब नाही असे दाखवत असेल तर वर्कशॉपमध्ये ते काय करीत? काटा काढून ज्याचा दाब पक्का ठाऊक आहे अशा नळीवर लावीत. त्यांनी झटकन स्वतःच्या बोटाला सुई टोचली. गेल्याच महिन्यात शिबिरात तपासणी झाली होती, त्यांची साखर पंच्याण्णव होती.

यंत्राने २३१ दाखवले.

यंत्र बिघडले, एवढेच क्षणभर डोक्यात आले. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लावायला गेले तर अंगठा झाकणाला चिकटला. त्यांनी बोटे नाकाशी नेली. मोहाचा गोड, आंबूस वास.

"पाणी आण. साबण आण."

त्यांनी बायकोची बोटे साबणाने दोनदा चोळली, दुपट्ट्याने कोरडी केली आणि नव्याने टोचले. पाच सेकंद यंत्र आकडे उलटे मोजत राहिले.

४१.

पेला त्यांनीच ज्योत्सनाच्या हातातून ओढून घेतला. यशोदाबाईंना घोट गिळता येत होता. एक, दोन, मग पुरा पेला. पंधरा मिनिटे खेमराज घड्याळाकडे आणि चेहऱ्याकडे आळीपाळीने पाहत राहिले. घाम आटला, डोळे एका जागी ठरले, आणि आकडा ८८ आला. ज्योत्सनाने भात वाढून आणला, पूर्ण ताट. डॉक्टरांशी फोनवर बोलणे झाले तेव्हा त्यांनी गोळी बंद करायला सांगितले आणि नव्याने मोजायला.

"काय झालं होतं मले?" यशोदाबाईंनी विचारले.

खेमराज यांनी सर्व क्रमाने सांगितले. फुलांचा रस बोटांवर वाळतो, स्पिरिटच्या एका फेऱ्याने तो जात नाही, यंत्र त्यालाच रक्तातली साखर समजते.

त्यांनी तोंडातला घास गिळला. मग म्हणाल्या, "मंजे मी खात नव्हती."

"नाही."

"मंग लिवा तसं."

त्यांनी वही उघडली. नऊही ओळींवर पट्टीने रेघ मारली आणि खाली लिहिले: 'सर्व नोंदी रद्द. कारण, तपासणाऱ्याने हात धुऊन घेतले नाहीत. यशोदाबाईंनी फुले खाल्ली नव्हती.' वही त्यांनी बायकोसमोर धरली. यशोदाबाईंनी बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचले आणि ताट पुढे ओढले.

दोन दिवसांनी, टोपली उचलण्याआधी यशोदाबाईंनी मोरीवर हात धुतले आणि बोट पुढे केले. यंत्रावर ११८ उमटले. मधुमेह म्हणावा तर कमी, नाही म्हणावा तर जास्त.

खेमराज यांनी आकडा मांडला. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला.