धाकटी कळी

हरितगृहातल्या कोपऱ्यात एक झुडूप होतं, आपल्या जातीतलं शेवटचं. डोंगरातली त्याची जागा खाणीत गेली होती. फांद्या कापून लावल्या, पण एकीलाही मुळं फुटली नाहीत. आता बुंधा आतून कुजत चालला होता आणि दोनच कळ्या उरल्या होत्या.

काकी इथे एकतीस वर्षं संकराचं काम करतात. कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे, म्हणजे तिचेच पराग तिच्यावर पडत नाहीत. मग वर कागदी पिशवी. त्यांच्या हातून कळी कधी दुखावत नाही.

"इतकी फुलं आली आजवर, बी का धरत नाही?" त्यांनी दुपारी विचारलं.

"तिला स्वतःचे पराग चालत नाहीत, काकी. कुक्षीवर पडले तरी ती त्यांना रुजू देत नाही."

"घरचं नको, आणि बाहेरचं कोणी उरलं नाही! भारीच नाक वर आहे बाईचं."

मी हसले. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं आणि मी गेले. पुढचं सांगायचं राहिलं. आपले पराग कोणते ही ओळख कुक्षीला, म्हणजे फुलाच्या पराग झेलणाऱ्या टोकाला, उमलण्याच्या सुमारास पटू लागते; कोवळ्या कळीला ती नसते. मोठी कळी सकाळी उमलली की तिचे पराग घ्यायचे, धाकटी कळी हलकेच उघडायची आणि तिच्या कुक्षीवर लावायचे, असं मी ठरवलं होतं. धाकटी दोन दिवसांनी उमलणार होती. तिला अजून काही कळत नव्हतं.

सकाळी आले तर मोठीवर पिशवी. कडा नीट दुमडलेली, दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर काकींचं अक्षर.

"काकी, हिचे पुंकेसर?"

"काढले की काल जाताना. पाचच्या पाच. तिला नकोत म्हणालात ना? म्हटलं, कशाला उगाच छळ बिचारीला."

"टाकले कुठे?"

"खाली. मग फरशी धुतली." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या थांबल्या. "काय झालं?"

मी गुडघ्यांवर बसून मोरीच्या जाळीत शोधलं. चार सापडले, ओलेचिंब. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक परागकण फुगून फुटलेला दिसला. पाण्यात ते असेच फुटतात.

या वेळी मी काकींना सगळं सांगितलं, शेवटपर्यंत.

"मग धाकटीचेच तिला लावू."

"तिचे पिकतील तोवर ती शहाणी झालेली असेल."

"मोठीला?"

"ती आजच शहाणी झाली."

काकी स्टुलावर बसल्या. "मला ओरडा तरी."

"कशाबद्दल?" मी म्हटलं. त्यांनी ऐकलं तेवढं बरोबर ऐकलं होतं.

दोन दिवसांनी धाकटी उमलली. ब्रशवर तिचे पराग घेऊन मी दोन्ही फुलांकडे वळले. काकी शेजारी उभ्या होत्या.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "हे काम माझं आहे."

मी ब्रश दिला. पराग भरपूर होते, कोरडे, पिवळेधमक, अगदी निरोगी. काकींनी एक कणही सांडू दिला नाही.