दोन लांबींचा रस्ता

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. भूगोलाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर, फुटक्या पृथ्वीगोलामागे मी गुंडाळून पडलेलो असतो. माझ्या अंगावर लाल शाईने पंचवीसपैकी नऊ गुण लिहिले आहेत. हसू नका, आधी ऐका.

एका शाळकरी मुलीने मला काढले. आपल्या शहराची संस्कृती दाखवणारा नकाशा सगळ्या वर्गाला करायचा होता. बाकीच्यांनी छापील पुस्तिकेतून संग्रहालय आणि पुतळे उतरवून घेतले. ही मात्र आजोबांचा हात धरून निघाली. आजोबा निवृत्त पोस्टमन, गल्ली न् गल्ली तोंडपाठ. चपला शिवता शिवता गाणारा कारागीर, पायरीवर बुद्धिबळ खेळणारे म्हातारे, बँडवाल्यांची तालमीची खोली, सगळे तिने माझ्यावर रंगवले. कोपऱ्यात लिहिले, 'एक बोट म्हणजे आजोबांची पन्नास पावले.'

घर ते बँडची खोली हा रस्ता तिने दोनदा काढला. जाताना चार बोटे, येताना सात.

भूगोलाच्या बाईंनी पट्टी लावली. "एकच रस्ता दोन लांबींचा? हे काय गौडबंगाल आहे?"

"बाई, येताना आजोबा दमतात ना. पावलं आखूड पडतात."

"नकाशा दमत नाही, बाळ."

वर्ग खो खो हसला. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "घरी नेऊ का? रंगवल्यावर आजोबांनी हा पाहिलाच नाहीये. आता ते अंथरुणातनं उठत नाहीत."

"पुढच्या आठवड्यात ने. चूक कशी होते ते दुसऱ्या तुकडीला दाखवायचंय मला."

बाई दुष्ट नव्हत्या, विसराळू होत्या. मुलीने तीनदा दारातून डोकावून विचारले. मग ती आठवडाभर शाळेत आलीच नाही. आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. काय झाले ते मी समजलो.

त्यानंतर दरवर्षी मला एकदा खाली काढत. "असा नकाशा काढायचा नाही," असे सांगून परत वर ठेवत. खरे सांगू? त्या एका दिवसाचीही मी वाट बघायचो. नावे ठेवायला का होईना, कोणी तरी उलगडत होते.

बाईंची निवृत्ती जवळ आली तोवर त्यांचे गुडघे पार कामातून गेले होते. एका दुपारी, काय मनात आले कोण जाणे, त्या मला काखेत घेऊन त्याच रस्त्याने चालल्या. जाताना एकशेनव्वद पावले झाली. येताना तीनशे साठ. शाळेत परतल्यावर खुर्चीत बसून त्यांनी बराच वेळ धाप टाकली.

"बरोबर होतं गं तुझं," त्या मला म्हणाल्या. म्हणजे तिला.

लाल नऊच्या खाली त्यांनी लिहिले, 'मी चालून पाहिले. रस्ता बरोबर आहे.' मुलीच्या जुन्या पत्त्यावर पत्रही टाकले. ते परत आले. बाई निवृत्त झाल्या आणि मी पुन्हा कपाटावर आलो.

मित्रांनो, उद्या तुम्ही कोणाचे काम तपासाल. पट्टी लावण्याआधी त्या वाटेने एकदा चाला. आणि तपासून झाले की ज्याचे त्याला वेळेवर परत द्या, कोणी तरी घरी बघायला थांबलेले असते. ती मुलगी कुठे भेटली तर मला घरी न्यायला सांगा. नकाशा दमत नाही म्हणे. मी दमलो आहे.