लाल टॅग

काल आमच्या मालकायची, देवाजीरावायची, तेरवी झाली. आज शुभम, माझा पोरगा, मले रसमड्याले आपल्या घरी नेतो म्हणे. घराले कुलूप लावाचं आहे, पण कम्प्युटर काही बंद होऊन राहिला नाई.

बंद करा, तं काचेवर ते गोल गोल फिरते अन् फिरतच राहते. हेच दुखणं ह्यायनं महिनाभर धरून ठेवलं होतं. प्लांटात जिंदगीभर बिजलीचं काम केलं, अन् घरातलं एक डबडं आयकत नाई म्हणजे काय. माऊस बदलवला, वायरी काढून पुसल्या, डबा खोलून ब्रशनं धूळ झाडली. मी वैतागून म्हणे, "बोर्डावरचं बटनच दाबून टाकते एकदाचं." तं देवाजीरावायनं काय केलं, रिटायर होताना आणलेलं प्लांटातलं लाल टॅग, मशीनीत माणूस असला का बटनाले लावते ते, त्याच बटनाले दोऱ्यानं बांधलं. 'हाथ मत लगाओ, आदमी काम पर है.' मले भलता राग आला. आपल्याच घरात बायकोले टॅग दाखवते हा माणूस.

त्याच संध्याकाळी, तिथंच खुर्चीवर, छातीत कळ आली. दुर्गच्या दवाखान्यात नेलं, तिकडून काही जिते आले नाई.

तवापासून कम्प्युटर तसाच घरघर करून राहिला. लोकं बसाले आले, गेले, मी कोणाले हात लावू देल्ला नाई. खरं सांगते, ते टॅग लटकून होतं तोवर मले वाटे, माणूस कामावर आहे. कामावरून घरी याचा आहे.

शुभम पण कारखान्यातच कामाले आहे. त्यानं कम्प्युटरच्या मांगं वाकून पाह्यलं. "आई, हा प्रिंटर तं कवाचा मेला ना? वायर लागूनच आहे. कम्प्युटर त्याच्या जवाबाची वाट पाहून राहिला." त्यानं वायर उपसली. चक्कर थांबली, काच काळी झाली, घरघर बंद. एवढंच होतं बाप्पा. घर असं चुप झालं का मी खालीच बसली.

आता राहिलं बोर्डाचं बटन. शुभमचा हात टॅगपाशी जाऊन थांबला.

"काढ ना," सून नीतू म्हणे, "ऑटो कब से खड़ा है."

"कारखान्यात टॅग ज्यानं लावलं त्यानंच काढाचं असते," तो हळूच म्हणे. "तो नसला, तं पहिले पक्कं करा लागते का माणूस अंदर नाई. मंगच दुसऱ्यानं हात लावाचा."

मीच उठली. आतल्या खोलीत पाह्यलं, पलंगावर चादर घडी करून होती. सैपाकघर पाह्यलं. मोरीचं दार ढकललं. मांगच्या आंगणात त्यायची सायकल भिंतीले टेकून होती, तिच्यापाशी जराशी थांबली. मंग वापस आली.

"नाई आहे अंदर," मी म्हटलं. "काढ."