खडेमहाराज आणि बाळारामची बॅटरी

सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते, पण सुपारीच्या वखारीपुढे पाऊणशे माणसं उन्हात ताटकळत होती. श्रीवर्धनपासून माणगावपर्यंत जेवढी म्हणून दुखरी पोटं होती तेवढी इथे गोळा झाली होती, कारण आत साक्षात खडेमहाराज बसले होते! मुतखडा असो की पित्ताचा खडा, महाराज पोटाला नळी लावतात, चोखतात आणि खडा पितळी ताटलीत टण्णकन टाकतात. भूल नको, टाका नको. रक्त तेवढं थोडं येतं, आणि ते यायलाच हवं. त्याशिवाय आपल्या माणसांना उपचार झाल्यासारखा वाटत नाही.

बाळाराम त्या रांगेत नाइलाजाने उभा होता. शेजारी थोरली बहीण पुतळाबाई. तिचे डोळे पिवळेधमक, अंगात ताप. खडा पित्ताच्या नळीत अडकलाय, आता उशीर केलात तर जिवावर बेतेल, असं माणगावच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आज दुपारीच दाखल व्हायचं होतं. रिक्षा दारात आली आणि पुतळाबाईने पायरीवर बसकण मारली.

"आधी महाराज! पोट फाडून घ्यायला मी काय पापलेट हाय?"

"आक्का, डॉक्टरीण काय म्हनली ते इसरलीस?"

"ती पोर कालची. महाराज न्हाय म्हनले तर जाईन तुझ्या दवाखान्यात. त्याआधी न्हाय."

महाराज कधी कुणाला नाही म्हणत नसत, हीच तर भीती होती. बहिणीने आईच्या माघारी वाढवलेला हा भाऊ रात्रभर झोपला नव्हता.

बाळाराम एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाला होता आणि त्याला एकच नाद होता, बॅटऱ्यांचा. शहरात ज्याला टॉर्च म्हणतात त्याच ह्या. घरात लहानमोठ्या सतरा होत्या. बायको केसर म्हणायची, "लोकांचे नवरे दारू पितात, निदान सोडवता तरी येते." सगळ्यांत लाडकी होती विक्सच्या डबीएवढी एक. हिच्या उजेडात रंग दिवसाउजेडासारखे खरे दिसतात, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. लोक हसायचे. पण विहिरीच्या कठड्यात कानातलं अडकलं की ह्यालाच हाक. मासळीबाजारात तर तो वाकून एकेका माशाचे कल्ले उघडून त्यात ती बॅटरी मारायचा. शिळी सुरमई विकणाऱ्या बायका त्याला लांबूनच शिव्या घालत.

वखारीच्या दारात चेल्याने मोबाइल काढून घेतले. "खड्याला उजेड सोसत नाय. उजेड दिसला की तो आत पळतो. खिशात काय?"

"बॅटरी."

"एवढीशी?" चेला हसला आणि त्याने सोडलं.

आत खिडक्यांना गोणपाट, कोपऱ्यात एक समई. महाराजांचा उजवा गाल विड्याने टम्म फुगलेला. ते बोलत नसत, "ऊंऽऽ" करीत, आणि चेला त्याचा अर्थ सांगे.

"ऊंऽऽ."

"महाराज म्हनतात, मागल्या जन्मी तू कुणाच्या तरी भातात खडा टाकलास, तो ह्या जन्मी पोटात उगवला!"

पुतळाबाई चटईवर आडवी झाली आणि तिने हात जोडले. गालातल्या फुगवट्याचं कुणालाच नवल नव्हतं. ज्या गावात सरपंचापासून पोस्टमनपर्यंत सगळे मान वर करून, विडा सांभाळत बोलतात, तिथे भरल्या तोंडाच्या माणसावर कोण संशय घेणार? दुसऱ्या गावात त्याला पहिल्या दिवशी "चूळ भरा आधी" म्हणाले असते.

बाळाराम मात्र त्या गालाकडे टक लावून बघत होता. विडा चघळला की गाल हलतो. हा पाच मिनिटं हलला नव्हता.

महाराजांनी नळी उचलली. ती पोटाला लागायच्या आत बाळारामने कळ दाबली. वखारीत लख्ख दिवस उजाडला!

"अरे बंद कर ते, मेल्या!" महाराज ओरडले. मौन सुटलं, तोंड उघडलं आणि बाळारामने कल्ल्यात मारावा तसा उजेड थेट जबड्यात मारला.

"हलू नका महाराज. आक्का, इकडं बघ. दाढेच्या बाजूला. किती दिसतात?"

पुतळाबाई कोपरावर उठली. "दोन," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण नळी तर अजून लागलीच न्हाय."

"मग हे कुनाचे?"

महाराजांनी घाईघाईने तोंड मिटलं, ठसका लागला आणि दोन्ही खडे ताटलीत टण्णकन पडले. रस्त्यावरची खडी, दुसरं काय! बाजूच्या फडक्यावर सकाळपासूनचं "रक्त" होतं. खऱ्या उजेडात ते कात-चुन्याच्या रंगाचं निघालं.

आरडाओरडा ऐकून रांगेतल्यांनी दार उघडलं आणि ताटली बघितली. चेला पुढे, महाराज मागे, असे दोघे वाडीतून पळाले. तरी एकजण म्हणालाच, "उजेडानं घात केला. खडे भिऊन महाराजांच्या तोंडात पळाले!"

बाळारामचा संताप उसळला. "असंल ना, तर बोलवा त्याला! दार उघडं ठेवून, चूळ भरून एकच खडा काढू दे, मी त्याचे पाय धरीन. माझी बहीन आज मरायला टेकली हाय आनि तुम्ही तिला रांगेत उभी केलीत! अरे, उजेड नको म्हननाऱ्याला निदान एकदा तरी विचारा, का नको?"

रांग हळूहळू मोडायला लागली. राग महाराजांचा नसतो, आपण फसलो ह्याचा असतो, आणि तो गिळायला वेळ लागतो. बाळारामने आक्काला आधार देऊन रिक्षात बसवलं. ती रडत होती, पण बसली.

रिक्षा सुरू होणार एवढ्यात शेजारच्या आळीतली मैना धावत आली. "बाळादादा, गेल्या म्हयन्यात माझे चार काढले त्यानं. मी गोळ्या बंद केल्या." तिचा हात पोटावर होता. "ते... अजून आत हायत?"

बाळारामने रिक्षावाल्याला थांबायची खूण केली.

पुतळाबाईने डोळे पुसले आणि सीटवर कडेला सरकली. "बस गं," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईला आपन दोघीबी विचारू."