आधी पाठ कर

माझा मुलगा कॉम्प्युटरवाला. लांब राहतो आणि दर रविवारी फोन करतो, अगदी नेमाने. "जेवलीस का? गोळ्या घेतेस ना? बरं, ठेवू?" एवढ्यात माझा चहासुद्धा गाळून होत नाही. पूर्वी मी काहीबाही सांगत बसायची. नळाला पाणी नाही, खालच्या मजल्यावरची पुन्हा भांडली. तो नुसता "हं, हं" करायचा. त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं! शेवटी मीही गप्प झाले. त्याचे वडील गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही. दिवसच्या दिवस तोंड उघडायचं कारण पडत नाही, आणि आठवड्यातून एकदा पडतं तर हा असं गुंडाळून टाकणार.

मग मला युक्ती सुचली. म्हटलं, आपणच त्याच्या विषयात शिरू.

"मला सी शिकव," मी म्हटलं.

"काय?"

"सी. कॉलेजात शिकायचास ना, ती प्रोग्रॅम लिहायची भाषा."

"या वयात कशाला, आई?"

"मग या वयात काय, नुसते गुडघे चोळत बसू?"

मला कुठे शिकायचं होतं डोंबलाचं सी! मला त्याचा आवाज हवा होता, बाकी काही नाही.

आणि काय सांगू, मात्रा लागू पडली. तो बोलायला लागला. लिहायला एडिटर लागतो म्हणे, आणि लिहिलेलं कॉम्प्युटरला कळेल असं करून देणारा कंपायलर लागतो. त्याचा जुना कॉम्प्युटर होताच घरात, तो मी पुसून टेबलावर मांडला. एका रविवारी एडिटर बसवला, पुढच्या रविवारी कंपायलर. "हळूहळू करू, घाई नाही," म्हणायचा. मी मनात म्हणायची, मेल्या, या वेगाने काम करतोस तर तुला पगार कोण देतं? पण तोंडाने म्हणायची, हो बाळा, सावकाश होऊ दे.

मग मी पाच-सहा ओळींचा प्रोग्रॅम टाइप केला. चालवला की पडद्यावर 'नमस्कार' उमटायला हवा होता. कसला उमटतोय! कंपायलर कोण, हेच त्या यंत्राला ठाऊक नाही. अहो, त्याच्याच पोटात बसवलेला, आणि म्हणे ओळखत नाही! मुलगा म्हणाला, "तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगावं लागतं त्याला. आधी पाथ कर." तेवढ्यात त्याला काम आलं आणि फोन बंद.

मी ऐकलं, "आधी पाठ कर."

जन्मभर शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेतले, माझ्या कानाला दुसरं काय ऐकू येणार? बसले तो प्रोग्रॅम पाठ करायला. भांडी घासताना, जिना चढताना तोंडाने आपलं चालू, हॅश इन्क्लूड, टोकदार कंस सुरू, टोकदार कंस बंद. खालच्या मजल्यावरची थांबून म्हणाली, "बाई, बरं आहे ना तुम्हाला?" मी म्हटलं, "परीक्षा आहे माझी रविवारी."

रविवारी फोन आला. "झाला का पाथ?"

"झाला तर! ऐक." आणि घडाघडा म्हणून दाखवलं, महिरपी कंसासकट, अर्धविरामासकट. एक चूक नाही.

तो हसायला लागला. लहानपणी हसायचा तसा, धाप लागेपर्यंत. "आई, पाथ गं, पाथ! पत्ता! पाठ नाही!" मग मलाही हसू आवरेना. किती दिवसांनी या घरात कोणी मोठ्याने हसलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते हसण्याचंच होतं असं आपण म्हणू या.

"थांब, मीच करतो," तो म्हणाला. त्याने मला काहीतरी उघडायला लावलं आणि त्यात दिसणारा आकडा विचारला. आकडा सांगितला मात्र, माझ्या पडद्यावरचा बाण आपोआप पळायला लागला. खिडक्या उघडल्या, मिटल्या. मी चष्मा पुसून परत घालतेय तोवर काळ्या चौकटीत नमस्कार हजर.

"झालं," तो म्हणाला.

आता याला काय विचारू? आता पुन्हा गोळ्या, आणि पुन्हा "ठेवू?" आणि खरं सांगते, रागही आला.

"हे तिथून बसल्या बसल्या होत होतं?"

"हो."

"दोन मिनिटांत? मग इतके रविवार मला कशाला नाचवलंस रे? पहिल्याच दिवशी का नाही केलंस?"

"पहिल्याच दिवशी केलं असतं, तर पुढच्या रविवारी आपण काय बोललो असतो, आई? मला तरी इथे कोण आहे बोलायला?"

"गाढवा," मी म्हटलं. आणि फोन कानाशी धरूनच चहाचं आधण ठेवलं.